कोकरेवाडीची विश्वासार्ह मोटार

कोकरेवाडी सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या सन दोन हजार दोनच्या वार्षिक सभेत, चहा येण्याच्या थोडे आधी, एक ठराव एकमताने मंजूर झाला. आजारी माणसांना आणि अडलेल्या बायकांना शिरूरच्या दवाखान्यात नेण्यासाठी संस्थेने एक जुनी परंतु विश्वासार्ह मोटार खरेदी करावी, असा तो ठराव होता.

कवठे येमाईच्या पुढे माळावर, डांबर संपून फुफाटा सुरू होतो तिथे कोकरेवाडी आहे. दोन पिढ्यांपूर्वी इथली माणसे मेंढरांमागे पार कोकणात उतरत. आता घरे झाली, विहिरी झाल्या, कांदा आणि जर्सी गाई झाल्या. पण चालणे काही सुटले नव्हते, कारण एस.टी. कवठ्यालाच वळत असे. आदल्या पावसाळ्यात सरूबाईला फुरसे चावले, तेव्हा तिला दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसवून शिरूरला न्यावे लागले. वाटेत टेम्पो चिखलात रुतला आणि दूध नासले. संचालक मंडळाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. नासलेले दूध इतिवृत्तात नोंदवले आणि सरूबाईच्या प्रकृतीचा विषय पुढील सभेपुढे ठेवला. पुढील सभेपर्यंत सरूबाई बरी होऊन कांदे काढायला जाऊ लागली, त्यामुळे तो विषय निकाली निघाला.

यंदा मात्र संस्थेचे अध्यक्ष मारुतराव कोकरे यांच्या सुनेला, पूनमला, पहिल्यांदाच दिवस गेले होते. आजवर हा प्रश्न वाडीचा होता. तो आता अध्यक्षांच्या घरात आल्यामुळे त्याला सार्वजनिक स्वरूप प्राप्त झाले.

ठराव मंजुरीसाठी वर, सहकार खात्याकडे गेला. वरून विचारणा आली : विश्वासार्ह म्हणजे काय, आणि ते कोण ठरवणार? मारुतरावांनी तातडीने विश्वासार्हता पाहणी समिती नेमली. समितीत मोटार बाळगणारा, चालवणारा किंवा दुरुस्त करणारा कोणीही नसावा, अशी दक्षता घेण्यात आली, कारण अशा माणसाचे हितसंबंध असू शकतात. टेम्पोचा ड्रायव्हर "मी येऊ का?" म्हणून विचारायला आला, तेव्हा त्याच्याकडे सगळ्यांनी संशयाने पाहिले.

समितीत तिघे आले. अध्यक्षपदी स्वतः मारुतराव. दुसरे खंडूआप्पा शेंडगे. मेंढराच्या पाठीवर नुसता हात फिरवून त्याचे वय, दमा आणि स्वभाव सांगण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात कोणी नव्हता. तिसऱ्या शेवंताबाई. त्यांनी अर्ध्या वाडीची लग्ने जुळवली होती, आणि घरात पाऊल टाकताच माणसे कशी आहेत हे ओळखण्याचा त्यांचा लौकिक होता. लग्ने पुढे कशी चालली, याची चौकशी त्या करत नसत.

दौंडला एक जुनी पांढरी मोटार विकायची आहे, असे कळले. समिती न्हावऱ्यावरून एस.टी.ने दौंडला गेली.

मोटारीचे मालक ज्ञानदेव हंडाळ रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेल्यामुळे मागून काय काय बिघडते याची त्यांना पक्की माहिती होती, आणि जे दिसेल ते वेळच्या वेळी सांगायचे ही सवय अंगात मुरली होती. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवू नका. त्याच दिवशी ज्ञानदेवांनी किल्ली खुंटीला लावली. बायकोला, गिताबाईंना, सगळ्यात वाईट त्याचेच वाटले. दर मंगळवारी त्या पुढच्या सीटवर बसून कुरकुंभच्या फिरंगाईच्या दर्शनाला जात, आणि वाटेत जेवढे बोलणे होई तेवढे घरात आठवडाभर होत नसे.

समिती यायच्या आदल्या दिवशी गिताबाईंनी नवऱ्याला बजावले.

"उद्या लोक येतील. तुम्ही फक्त नमस्कार करा. बाकीचं मी बोलते."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कोण म्हणतंय? गप्प बसायचं."

"गार्ड गप्प बसला की अपघात होतो," ज्ञानदेव म्हणाले.

गिताबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी समिती ओट्यावर टेकते न टेकते तोच ज्ञानदेवांनी घसा साफ केला.

"रामराम. गाडी दाखवण्याआधी गाडीचे दोष सांगतो. एक, दुसरा गिअर टाकताना कुरकुर करतो. करू द्यावी. जबरदस्ती केली तर रुसतो. दोन, चढाला इंजिन तापतं. तापलं की थांबायचं, बॉनेट उघडून निवू द्यायचं, मग पाणी घालायचं. लगेच झाकण काढलं तर तोंड भाजेल. मागचा डावा दरवाजा बाहेरून उघडत नाही. आतून खटका वर उचलायचा आणि खांद्यानं ढकलायचं. वायपर आपल्या मनाचा आहे. ब्रेक मात्र चोख आहेत, ते मी स्वतः—"

"थांबा, थांबा," मारुतराव म्हणाले. "अजून हाय का?"

"आहे की. पाटसजवळ एका शेळीला धक्का लागला होता."

"मेली?" खंडूआप्पांनी प्रथमच तोंड उघडले.

"नाही. उठून गेली."

"कुठल्या बाजूला गेली?"

ज्ञानदेवांनी आठवून पाहिले. "डाव्या."

आप्पांनी मान हलवली आणि उठून मोटारीकडे गेले. त्यांनी बॉनेटवर तळहात फिरवला, टपावर दाबून पाहिले, चारही टायर खुरांसारखे न्याहाळले, आणि शेवटी वाकून पुढच्या जाळीत तोंडाएवढ्या अंतरावरून बघितले.

"कुशीला बसलीय," ते परत येऊन म्हणाले. "दम न्हाई."

तोवर शेवंताबाई स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या. चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला, आणि तेवढ्यात त्यांचा तपास पुरा झाला होता.

ज्ञानदेव म्हणाले, "चला, बसा. एक चक्कर मारून आणतो. चालवायला शेजारच्या ड्रायव्हरला बोलावलंय."

मोटार कुरकुंभपर्यंत गेली आणि परत आली. दुसरा गिअर कुरकुरला. चढाला काटा वर सरकला, ड्रायव्हर थांबला, इंजिन निवले, पाणी घातले, मोटार पुन्हा निघाली. बाकी काही घडले नाही. खंडूआप्पांना वाऱ्याने डुलकीसुद्धा लागली.

परतल्यावर समितीने लिंबाखाली बाजूला जाऊन विचारविनिमय केला.

"माझं डोकं चालंना," मारुतराव म्हणाले. "त्यानं गिअर कुरकुरतो म्हणला, आन् गिअर कुरकुरला. तापतं म्हणला, तापलं. तंतोतंत. हे काय साधं हाय?"

"पाठ केल्यालं दिसतंय," खंडूआप्पा म्हणाले.

"माणूस आपल्या गाडीला नावं कवा ठेवतो?" मारुतराव म्हणाले. "जवा आत त्याहून मोठं काहीतरी आसतं तवा. एवढं जर तोंडानं सांगतोय, तर पोटात किती ठेवलं आसंल?"

शेवंताबाईंनी आवाज खाली आणला. "चहात साखर कमी व्हती. तुमच्या ध्यानात न्हाई आलं. ज्या घरात चहाला साखर मोजून टाकत्यात, त्या घरात गाडीला तेल कसं टाकत असत्याल?"

हा मुद्दा मारुतरावांनी अहवालासाठी टिपून घेतला. तो बिनतोड होता.

निघताना मारुतरावांनी ज्ञानदेवांना सांगितले, की तुमच्या सचोटीबद्दल कोणा जबाबदार माणसाचा दाखला मिळाला तर बरे होईल. ज्ञानदेव भाबडेपणाने आपल्या जुन्या स्टेशनमास्तरांकडे गेले. मास्तरांनी लिहून दिले, की हे गृहस्थ नोकरीत एकदाही खोटे बोलले नाहीत, याचा रेल्वेला वेळोवेळी त्रास झालेला आहे. दाखला कोकरेवाडीला पोचला. खऱ्या माणसाला असा कागद लागतोच कशाला, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर समितीला मिळाले नाही. मोटार अविश्वासार्ह ठरवण्यात आली.

ज्ञानदेवांनी मग आणखी काही गिऱ्हाइकांना दोष सांगून पाहिले. शेवटी गिताबाईंनीच शिक्रापूरच्या दामूशेठचे नाव काढले. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडपुढे जुन्या मोटारी मांडून, त्यांच्यावर रंगीत पताका लावून दामूशेठ धंदा करत. समोरून दिवसरात्र ट्रक जात, त्यामुळे शेडमधल्या कुठल्याच मोटारीचा आवाज गिऱ्हाइकाला नीट ऐकू येत नसे.

ज्ञानदेवांनी नेहमीप्रमाणे घसा साफ केला. "दोष सांगतो. एक, दुसरा गिअर—"

दामूशेठनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"नका सांगू, साहेब. पाया पडतो."

"का?"

"मला कळलं, की गिऱ्हाइकाशी खोटं बोलावं लागंल. माळकरी माणूस हाय मी. आजवर एकदासुदिक खोटं बोललो न्हाई. काई ठाऊकच करून घेत न्हाई."

व्यवहार झाला. ज्ञानदेव मोटारीपाशी जाऊन उभे राहिले. टपावरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली. मग आपण आता पुसायचे कारण नाही हे ध्यानात येऊन रुमाल खिशात ठेवला. गिताबाई पुढच्या सीटवरची आपली छोटी उशी काढून घ्यायला वाकल्या आणि तशाच थोडा वेळ आत बसून राहिल्या. एस.टी.त चौफुल्यापर्यंत ती उशी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती.

इकडे पूनमला सातवा लागला. मारुतरावांची बायको सोजराबाई रोज संध्याकाळी "मोटार कवा येणार?" एवढे एकच वाक्य बोलत असत, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी थापायला घेत असत. मारुतरावांना भाकरी गोड लागेना. पहिले नातवंड टेम्पोत, दुधाच्या कॅनांत जन्मले तर? त्यांनी समितीला पुन्हा बाहेर काढले. समिती शिक्रापूरला गेली.

दामूशेठच्या शेडमध्ये अगदी पुढे एक निळीभोर मोटार उभी होती. रंग असा, की त्यात आपले तोंड दिसावे आणि ते मूळच्यापेक्षा बरे दिसावे. दारांना चकचकीत नव्या मुठी, सीटवर फुलाफुलांची कव्हरे आणि त्यावर प्लॅस्टिक, पुढे लिंबू-मिरची, आत मोगऱ्याचा वास. कॅसेटवर सनई चालू होती. नंबर इतक्या नक्षीदार अक्षरांत लिहिला होता, की तो वाचता येत नसे, बघता मात्र येई. समितीला नंबराचे तसेही काही नव्हते; दौंडला त्यांनी मोटारीच्या मालकाची पाहणी केली होती, मोटारीची नव्हे.

खंडूआप्पांनी बॉनेटवर हात फिरवला. चेहरा खुलला.

"अंगानं भरलीया. तुकतुकी बघा."

शेवंताबाईंना चहा आला. त्यात चमचा उभा राहील एवढी साखर होती.

"कुणाची व्हती वो ही?" त्यांनी विचारले. "डॉक्टरची?"

दामूशेठ गोड हसले. "मावशी, तुमच्या तोंडातनं आलं. आता मी काय बोलू?"

"डॉक्टरचीच," शेवंताबाईंनी मारुतरावांच्या कानात सांगितले.

मारुतराव पुढे झाले. "शेठ, स्पष्ट सांगा. काही दोष?"

"दोष?" दामूशेठनी मोटारीकडे पाहिले, मग मारुतरावांकडे, मग पुन्हा मोटारीकडे. "ह्या गाडीत?"

"म्हंजी न्हाई?"

"अध्यक्षसाहेब, तुमच्या नजरंला काई दिसतंय का, तेवढं सांगा. तुमच्यासारख्या माणसाच्या नजरंला नजर आपण देत न्हाई."

मारुतरावांच्या नजरेला काहीच दिसले नाही. चक्कर मारून बघू का, असे खंडूआप्पांनी सुचवले तेव्हा दामूशेठ म्हणाले, अवश्य. फक्त रंग अजून जरा कच्चा आहे, वाटेतली धूळ बसेल. एवढ्या सुंदर रंगावर धूळ बसवण्याचे पाप समितीने केले नाही. अहवालात वाक्य आले : 'विक्रेत्याने एकही दोष सांगितला नाही, यावरून मोटारीत दोष नसल्याचे सिद्ध होते.'

मोटार वाडीत आली. नारळ फुटला, भंडारा उधळला. काचेवर बारीक अक्षरांत 'रुग्णसेवा' आणि मागे मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचे नाव घातले गेले. रुग्ण नसताना मोटार उभी राहून गंजू नये, म्हणून मारुतराव तिच्यातून लग्नांना, बारशांना आणि साखर कारखान्याच्या सभेला जाऊ लागले. टेम्पोच्या ड्रायव्हरलाच मोटारीवर घेतले होते. दुसरा गिअर कुरकुरतोय, असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याला ताकीद देण्यात आली. विश्वासार्ह ठरलेल्या मोटारीबद्दल असे बोलणे म्हणजे समितीचा अवमान होता.

आणि श्रावणात एका सकाळी, गाईंच्या धारा चालू असताना, पूनमला कळा सुरू झाल्या.

मोटारीत मागे शेवंताबाईंनी पूनमला धरले. सोजराबाईंना गुडघ्यांमुळे आत शिरता येईना, त्या देवाला हात जोडून अंगणातच राहिल्या. मारुतराव पुढे बसले, आणि ऐनवेळी अनुभवी माणूस हवा म्हणून खंडूआप्पाही मागे कोपऱ्यात अंग चोरून बसले. शेकडो मेंढ्या त्यांच्या हातून व्यायल्या होत्या.

मलठणच्या अलीकडच्या चढाला बॉनेटमधून वाफ निघू लागली. ड्रायव्हरने मोटार बाजूला घेतली. मारुतराव खाली उतरले आणि उघड्या माळावर मोटारीभोवती फेऱ्या मारू लागले. आत पूनम ओठ दाबून कण्हत होती.

"निवू द्या जरा. मंग पाणी घालतो," ड्रायव्हर म्हणाला.

खंडूआप्पा काचेतून डोके काढून वाफेकडे बघत होते. "मारुतराव, त्या दौंडवाल्याची गाडीबी चढाला अशीच तापायची, न्हाई का?"

"म्हणूनच तर ती घेतली न्हाई, आप्पा," मारुतराव घाम पुसत म्हणाले. "ती घेतली आसती तर आज काय गत झाली आसती, इचार करा."

सगळ्यांनी विचार केला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात इंजिन निवले.

दवाखान्याच्या फाटकात मोटार शिरली. आवारात गर्दी होती; उजवीकडे पाण्याचा टँकर, डावीकडे दवाखान्याची पायरी. ड्रायव्हरने मधल्या बोळात मोटार घातली. उजवी दारे टँकरला टेकली. मारुतराव डावीकडून उतरून मागच्या दाराला झोंबले. आजवर मागे बसणारे सगळे उजवीकडूनच चढत-उतरत आले होते; हे दार हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढले, आणि ती चकचकीत नवी मूठ अलगद त्यांच्या हातात आली.

"उघडा की वो!" आतून शेवंताबाई ओरडल्या. त्या आतला खटका खाली दाबत होत्या, पुढे ओढत होत्या, त्यावर बुक्क्या मारत होत्या. पूनमचा हुंदका बाहेर ऐकू आला. मारुतराव हातात मूठ घेऊन उभे होते. आयुष्यात प्रथमच त्यांना कुठली समिती नेमावी हे सुचेना.

त्या आठवड्यात तिथे मोतीबिंदूचे शिबिर होते. व्हरांड्यातल्या बाकावर डोळ्यांना हिरवी पट्टी लावून पेशंट ओळीने बसले होते. त्यांतला एक म्हातारा ताडकन उठला.

"गिता, आपली गाडी आली."

"डोळे बांधलेत ना तुमचे? बसा खाली. निळी आहे ती."

"रंग मला दिसत नाही. गिअर ऐकला मी." आणि तो हात चाचपडत पायरीकडे आला, आणि फलाटावर चालायचा तसा आवाज काढून ओरडला, "आत कोण आहे? खटका वर उचला! वर! आता खांद्यानं ढकला!"

शेवंताबाईंनी खटका उचलला आणि खांदा लावला. दार उघडले. त्यांच्याबरोबर खंडूआप्पाही बाहेर पडले, ते कोणालाच नको असताना. नर्सबाईंनी पूनमला आत नेले, आणि मारुतरावांना व्हरांड्यात बसायला जागा मिळते न मिळते तोच आतून रडण्याचा बारीक, संतापलेला आवाज आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

मारुतराव ढसाढसा रडले. रडणे ओसरल्यावर त्यांनी समोर पाहिले. बाकावर ज्ञानदेव पट्टी नीट करत होते, आणि गिताबाई कमरेवर हात ठेवून निळ्या मोटारीकडे बघत होत्या.

"ही तुमची गाडी हाय?" मारुतरावांनी विचारले.

"आमची होती," गिताबाई म्हणाल्या. "तुम्हीच नको म्हणालात. चहात साखर कमी होती ना!"

"तुम्हांस्नी कुणी सांगितलं?"

"लिंबाखाली बोललात तुम्ही. लिंब आमचाच आहे."

मारुतरावांनी मान खाली घातली. हातातली मूठ त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवली.

पंधरवड्यात समितीची सभा झाली. प्रसंग बाका होता. एकच मोटार दौंडला अविश्वासार्ह आणि शिक्रापूरला विश्वासार्ह ठरली होती, आणि दोन्ही निष्कर्ष याच समितीचे होते. सभासद कुजबुजू लागले होते. टेम्पोचा ड्रायव्हर नुसता हसत होता, आणि ते अधिक वाईट होते.

"चुकलं म्हणावं का?" खंडूआप्पांनी भाबडेपणाने विचारले.

"समितीचं कसं चुकंल, आप्पा?" मारुतराव म्हणाले. "समिती चुकली म्हंजी संस्था चुकली, संस्था चुकली म्हंजी वाडी चुकली. वाडीला चुकीचं म्हणणार का तुम्ही?"

आप्पा तसे म्हणणार नव्हते. अखेर सर्वानुमते पुढील अहवाल तयार झाला. दौंडला मोटार खरोखरच अविश्वासार्ह होती, कारण तिचे दोष माहीत होते. शिक्रापूरला ती विश्वासार्ह झाली, कारण दोष कोणालाच माहीत नव्हते. मधल्या काळात जी जास्तीची रक्कम दामूशेठना द्यावी लागली, ती मोटारीची किंमत नसून विश्वासाची किंमत होय. सबब समितीचे दोन्ही निर्णय बरोबर आहेत. श्री. ज्ञानदेव हंडाळ यांनी मात्र खरी माहिती संशयास्पद वाटेल अशा रीतीने सांगून संस्थेची दिशाभूल केली, याबद्दल त्यांना समज द्यावी.

समज देण्यासाठी मारुतराव स्वतः दौंडला गेले. जाताना पेढे नेले. समज त्यांच्या खिशात राहिली, पेढे आधी निघाले.

ज्ञानदेवांच्या डोळ्यांची पट्टी निघाली होती. त्यांनी पेढा हातात घेऊन चष्म्यातून नीट पाहिला, बहुधा त्यात काही दोष आहे का म्हणून. गिताबाईंनी चहा आणला. त्यात एवढी साखर होती, की मारुतरावांना तो संपवताना तीनदा पाणी मागावे लागले.

"नात कशी आहे?" गिताबाईंनी विचारले.

"ब्येस. सायली नाव ठेवलं. गार्डसाहेब, एक इचारू का?" मारुतराव खुर्चीच्या कडेला सरकले. "पोरीला डोस द्यायला शिरूरला न्यावं लागतं. तिची आई संगं आसती. गाडीत बसली, की माझा जीव टांगणीला. तवा त्या दिवशी तुम्ही सांगितलं त्याबिगर आणिक काही ऱ्हायलंय का सांगायचं?"

ज्ञानदेवांनी घसा साफ केला. गिताबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"काही नाही," ज्ञानदेव म्हणाले. "गाडी एकदम झकास आहे. बिनघोर बसा."

मारुतरावांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम सैल झाल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना इतके हलके वाटले नव्हते. त्यांनी ज्ञानदेवांचा हात दोन्ही हातांत धरला.

"बघा! असं जर त्या दिवशी बोलला आसता, तर मी तवाच गाडी घिऊन गेलो आसतो. उगा शिक्रापूरला कशाला गेलो आसतो?"

ते गेल्यावर गिताबाई म्हणाल्या, "हँडब्रेक उतारावर धरत नाही, ते का नाही सांगितलंत?"

"ते मी शिरूरलाच त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं त्याच आठवड्यात वायर बदलली. गाडी तो चालवतो." ज्ञानदेव खुर्चीत मागे टेकले. "अध्यक्षांना सांगितलं असतं, तर समिती नेमली असती."

गिताबाई हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं बोललात की तुम्ही."

"हो," ज्ञानदेव म्हणाले, आणि जरा विचारात पडले. "लोकांना आवडतं गं."

मोटार पुढे बरीच वर्षे चालली. ड्रायव्हर कुरकुर करू देतो, तापली की थांबतो, आणि खटका वर उचलायचा असतो हे आता वाडीतल्या पोराठोरांना ठाऊक आहे. तिने कोणाला वाटेत सोडले नाही. आता संस्था नवी मोटार घेणार आहे, म्हणून ही विकायला काढली आहे. मागच्या अनुभवावरून शहाणे होऊन संचालक मंडळाने असा ठराव केला, की या वेळी गिऱ्हाइकापासून काहीही लपवू नये. मोटारीची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत छापावी. त्या ठरावाप्रमाणे ती वर दिली आहे.

ब्रेक चोख आहेत. दोष सगळे सांगितले आहेत. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी कोकरेवाडीला येऊन भेटावे. आजवर कोणी आलेले नाही. तुम्हीही येणार नाही, हे समितीने गृहीत धरले आहे. म्हणून पुढच्या सोमवारी मोटार रंगाला जाईल. मग तुम्ही याल.